कायद्याचा हात, मध्यस्थाची मान

इंटरनेटवरील स्वातंत्र्य आणि कायदा यांविषयी आलेल्या प्रश्नांतून पुढील प्रश्न निवडले आहेत. चालू खटल्यांबाबत वैयक्तिक सल्ला मागणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत. त्यांच्यासाठी वकिलाला पर्याय नाही.

प्रश्न : वृत्तपत्राने बदनामीकारक मजकूर छापला तर संपादकाला न्यायालयात उभे राहावे लागते. समाजमाध्यमे चालवणाऱ्या कंपन्या मात्र ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असे सांगून नामानिराळ्या राहतात. त्याच मजकुराच्या जोरावर जाहिरातींचा पैसा कमावणाऱ्यांना हे संरक्षण कशासाठी?

उत्तर : हे संरक्षण का द्यावे लागले ते आधी पाहू, ते कोठवर टिकावे याचा विचार मग करता येईल. अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह आणि प्रॉडिजी या दोन ऑनलाइन सेवांवर बदनामीचे दावे झाले. कॉम्प्युसर्व्ह ग्राहकांपुढे जाणारा मजकूर आधी वाचून पाहत नसे, म्हणून १९९१ मध्ये न्यायालयाने तिला पुस्तकविक्रेत्याच्या पंक्तीला बसवले आणि ती सुटली. प्रॉडिजीने मात्र सभ्यतेचे नियम केले होते आणि ते मोडणारा मजकूर ती काढून टाकत असे. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने म्हटले, की जी सेवा मजकुरावर असे नियंत्रण ठेवते ती प्रकाशकच होय आणि प्रकाशकाची जबाबदारी तिला टाळता येणार नाही. म्हणजे झाडू हातात घेणारा अडकला आणि डोळे मिटून बसणारा मोकळा राहिला. हा उफराटा प्रकार थांबवण्यासाठी १९९६ मध्ये अमेरिकी कायद्यात कलम २३० आले, ज्याने इतरांच्या मजकुरासाठी सेवेला प्रकाशक मानायचे नाही असे ठरवून दिले. ज्या कायद्यातून ते आले त्यातील ‘असभ्य’ मजकुराला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून १९९७ मध्ये रद्द केल्या; कलम २३० मात्र टिकले.

संरक्षणाला अट जोडली की काय होते, हे कॉपीराइटच्या क्षेत्रात पाहता येते, कारण तेथे कलम २३० लागू होत नाही. १९९८ च्या अमेरिकी कायद्यानुसार हक्कधारकाची नोटीस आल्यावर मजकूर तत्परतेने काढला तरच मध्यस्थाला संरक्षण मिळते. २००७ मध्ये एका आईने आपले लहान मूल स्वयंपाकघरात नाचत असल्याची २९ सेकंदांची चित्रफीत यूट्यूबवर टाकली. मागे प्रिन्स या गायकाचे गाणे अस्पष्ट वाजत होते, आणि तेवढ्यावरून युनिव्हर्सल या संगीत कंपनीची नोटीस आली व चित्रफीत हटली. आईने हरकत घेतल्यावर ती परत आली खरी. पण नोटीस धाडण्यापूर्वी तो वापर न्याय्य आहे का याचा विचार हक्कधारकाने करायलाच हवा, एवढे न्यायालयाकडून सांगून घेण्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले. यूट्यूबच्या जागी कोणीही असते तरी त्याने हेच केले असते. मजकूर ठेवला तर दाव्याची टांगती तलवार, काढला तर फार तर एक नाराज वापरकर्ता. असा हिशेब असताना मध्यस्थ शंकेचा फायदा बोलणाऱ्याला कशाला देईल? जर्मनीने २०१७ मध्ये उघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत काढण्याचे बंधन घातले आणि कसूर केल्यास ५ कोटी युरोपर्यंत दंड ठेवला. निर्दोष मजकूर काढल्याबद्दल मात्र दंड नव्हता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन संदेशांना गुन्हा ठरवणारे कलम ६६अ रद्द करताना हा धोका नेमका ओळखला. कोणाचीही तक्रार आली म्हणून नव्हे, तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरच मध्यस्थाची जबाबदारी सुरू होते, असा मध्यस्थांना संरक्षण देणाऱ्या कलम ७९ चा अर्थ न्यायालयाने लावला.

तरीही आपल्या आक्षेपातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. कोणी काही लिहिले आणि ते कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहिले, ही एक गोष्ट. तेच लिखाण कंपनीच्या गणिताने (अल्गोरिदमने) उचलून, न मागता, लाखोंच्या पडद्यावर आणून ठेवले, ही अगदी वेगळी गोष्ट. दुसरी कृती कंपनीची स्वतःची आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये या मुद्द्यावर निर्णय देण्याचे टाळले, पण २०२४ मध्ये तेथील एका अपील न्यायालयाने टिकटॉकच्या खटल्यात अशा शिफारशीला कंपनीचीच अभिव्यक्ती मानले. कायद्याची पुढची पावले याच दिशेने पडावीत. दुसऱ्याच्या बोलण्यासाठी मध्यस्थाची मान पकडण्यापेक्षा त्याने स्वतः केलेल्या प्रसारासाठी त्याला जाब विचारणे अधिक न्याय्य आहे.

प्रश्न : व्हॉट्सॲप, सिग्नल यांवरील संदेश कंपनीलाही वाचता येत नाहीत, असे म्हणतात. न्यायालयाचा आदेश असेल तरच वापरायची एक किल्ली तपासयंत्रणांसाठी राखून ठेवली, तर प्रामाणिक माणसाचे काय बिघडणार आहे?

उत्तर : ग्रीसमध्ये काय बिघडले ते सांगतो. अथेन्समध्ये २००४ चे ऑलिंपिक झाले त्या सुमारास तेथील पंतप्रधान, मंत्री आणि इतर मिळून शंभराहून अधिक जणांचे मोबाइल कोणीतरी ऐकत होते, आणि हा प्रकार २००५ च्या मार्चपर्यंत चालला. त्यासाठी कोणाच्याही फोनला हात लावावा लागला नाही. व्होडाफोनच्या एरिक्सनने बनवलेल्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टेहळणीसाठीची सोय सॉफ्टवेअरमध्ये आधीच होती. घुसखोरांनी तीच सोय गुपचूप चालू केली आणि निवडक क्रमांकांवरील संभाषणाची प्रत १४ प्रीपेड मोबाइलकडे वळवली. काही ग्राहकांचे लघुसंदेश पोहोचेनात, त्याचे कारण शोधताना हे बिंग फुटले. येथे कुलूप कोणी फोडलेच नाही. सरकारसाठी ठेवलेले दार तेवढे कोणीतरी उघडले.

संदेश कूटबद्ध करणाऱ्या गणिताला न्यायालयाचा शिक्का ओळखता येत नाही. किल्ली ज्याच्या हाती पडेल त्याच्यासाठी ती चालते, मग तो वॉरंट घेऊन आलेला अधिकारी असो, लाच खाणारा कर्मचारी असो वा परदेशी हेर. अमेरिकी सरकारने १९९३ मध्ये संभाषण कूटबद्ध करणारी ‘क्लिपर’ नावाची चिप पुढे आणली. तिची किल्ली सरकारी यंत्रणांकडे ठेवली जाणार होती. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने या व्यवस्थेला चकवा देता येतो हे दाखवले आणि योजना बारगळली. ३० वर्षांनंतर, २०२४ मध्ये, चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या हॅकरांनी अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत शिरकाव केला आणि न्यायालयीन आदेशाने होणाऱ्या टेहळणीच्या व्यवस्थेपर्यंतही हात पोहोचवले. त्यानंतर तेथील अधिकाऱ्यांनी नागरिकांना कूटबद्ध संदेशसेवा वापरण्याचा सल्ला दिला. कंपन्यांकडे वर्षानुवर्षे किल्ली मागणाऱ्या सरकारकडून असा सल्ला यावा, यावर आणखी काही बोलण्याची गरज नाही.

पोलिसांची अडचण खोटी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. लहान मुलांच्या शोषणाचे गुन्हे बंद संदेशांच्या आड चालतात आणि तेथे ‘खासगीपणा’ हा शब्द तोंडावर फेकून पळ काढता येत नाही. पण तपासाचे मार्ग संपलेले नसतात. संदेश वाचता आला नाही तरी कोण कोणाशी केव्हा बोलले याच्या नोंदी बऱ्याच सेवांकडे असतात, फोन जप्त करता येतो, टोळीत माणूस घुसवता येतो. गुन्हेगारांत लोकप्रिय असलेल्या एन्क्रोचॅट या फोनसेवेत फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०२० मध्ये शिरून संदेश वाचले आणि त्यातून पुढे साडेसहा हजारांहून अधिक अटका झाल्या. एकाच सेवेच्या सरसकट सर्व ग्राहकांवर पाळत ठेवणे योग्य होते का, हा वाद तेथेही उरतो. तो वाद न्यायालयात घालता तरी येतो. जगातील प्रत्येक फोनमध्ये आधीच ठेवलेल्या किल्लीबद्दल वाद घालायला आरोपीही नसतो आणि आरोपपत्रही नसते.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी एका प्रकरणात मला अटक झाली होती. न्यायालयाने मला निर्दोष सोडले, तरी माझे नाव शोधताच आजही अटकेचीच बातमी आधी दिसते. ती पुसून टाकण्याचा हक्क मला आहे का?

उत्तर : उत्तर आपण कोणत्या देशाच्या कायद्याखाली येता यावर अवलंबून आहे. युरोपीय संघात असा हक्क मे २०१४ पासून स्पष्टपणे मान्य झाला. एका स्पॅनिश गृहस्थांच्या थकबाकीपोटी झालेल्या लिलावाची १९९८ सालची जाहिरात गुगलवर त्यांच्या नावासरशी येत असे. युरोपीय न्यायालयाने ती शोधनिकालांतून काढण्याची त्यांची मागणी उचलून धरली. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वृत्तपत्राच्या संग्रहातील मूळ पान तसेच राहिले. नावाने शोध घेतल्यावर त्याकडे जाणारी वाट तेवढी बंद झाली. (ज्यांना विसरले जायचे होते त्यांचे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना आता तोंडपाठ असते, हा भाग वेगळा.)

आपल्यासारख्या प्रकरणात याहून उपयोगी निर्णय सप्टेंबर २०१९ चा आहे. फौजदारी कारवाईच्या जुन्या बातम्यांचे दुवे ठेवण्याची गरज असली, तरी शोधयंत्राने निकालांची मांडणी अशी करावी की संबंधिताची आजची कायदेशीर स्थिती आधी दिसेल, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे सुटकेची बातमी वर आणि अटकेची खाली. हा तोडगा मला पुसून टाकण्यापेक्षा सरस वाटतो. याच दिवशी दुसऱ्या निकालात न्यायालयाने हेही सांगितले, की दुवे जगभरातून काढण्याची सक्ती युरोपीय कायदा करत नाही.

मला खटकते ते हे, की अर्जांचा पहिला निवाडा शोधयंत्राची कंपनी करते आणि ज्याची बातमी आहे त्या वृत्तपत्राला आपली बाजू मांडण्याचा हक्क तेथे नसतो. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने तर जुलै २०२३ मध्ये बेल्जियमच्या एका प्रकरणात वृत्तपत्राच्या ऑनलाइन संग्रहातील जुन्या बातमीतून नाव वगळण्याचा आदेशही योग्य ठरवला. तो निर्णय मला पटलेला नाही. शोधाची वाट अरुंद करणे वेगळे आणि दप्तरात खाडाखोड करणे वेगळे. आपण पहिली मागणी वृत्तपत्राकडे करावी. निकालाची प्रत जोडून, मूळ बातमीच्या शिरोभागी निर्दोष सुटकेची नोंद घालण्यास सांगावे. कायद्याची सक्ती नसली तरी जबाबदार संपादक सहसा अशा मागणीला नकार देत नाही.

प्रश्न : दंगल उसळल्यावर अफवा थांबवण्यासाठी काही काळ इंटरनेट बंद केले, तर त्यात गैर काय?

उत्तर : अफवा थांबतात, हे गृहीतकच कच्चे आहे. अफवेचे खंडनही त्याच मार्गाने पोहोचणार असते, आणि घरच्यांची खुशाली कळेनाशी झाली की माणसे घराबाहेर पडतात. इजिप्तने जानेवारी २०११ च्या अखेरीस सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना हुकूम सोडून देशभर इंटरनेट बंद केले. कैरोच्या चौकातील सरकारविरोधी गर्दी त्यामुळे ओसरली नाही, आणि सुमारे दोन आठवड्यांत राष्ट्राध्यक्षांना पद सोडावे लागले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी घालून दिलेली चौकट मला किमान वाटते. बंदी बेमुदत नसावी, ती प्रसंगाच्या प्रमाणात असावी आणि तिचा आदेश प्रसिद्ध केलेला असावा. यातील शेवटची अट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वाधिक मोडली जाते. आदेशच हाती नसेल तर त्याला आव्हान तरी कशाच्या आधारे द्यायचे?

प्रश्न : मी विकत घेतलेले ई-पुस्तक मित्राला कायमचे देऊ शकत नाही. मग मी नेमके काय विकत घेतले?

उत्तर : बहुतेक वेळा आपण वाचण्याचा परवाना घेतलेला असतो, आणि त्याची दोरी विक्रेत्याच्या हाती राहते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली काही पुस्तके त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसली. विक्रीस ठेवणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते, हे कारण खरे होते आणि पैसेही परत मिळाले. पण छापील पुस्तकाबाबत असे झाले असते तर कोणी रात्री घरात शिरून ते कपाटातून उचलून नेल्यासारखे झाले असते. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली.

छापील प्रत एकदा विकली की तिच्या पुढील विक्रीवर लेखक-प्रकाशकाचा ताबा राहत नाही, हे तत्त्व जुने आहे. ते डिजिटल वस्तूंना लावायचे का, यावर युरोपीय न्यायालयाने दोन तऱ्हा केल्या. २०१२ मध्ये संगणकप्रणालीची वापरलेली प्रत पुन्हा विकण्यास त्याने मुभा दिली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ई-पुस्तकांना तीच मुभा नाकारली, कारण डिजिटल प्रत झिजत नाही व तिचा जुना बाजार नव्या प्रतीला थेट मारतो. युक्तिवाद पोकळ नाही, पण मग किंमत ठरवताना आणि बटणावर ‘खरेदी करा’ असे लिहिताना ती झीज न होणारी वस्तू आपली कधीच होणार नाही, हे ग्राहकाला सांगायला नको का? कॅलिफोर्नियाने २०२५ च्या आरंभापासून एवढे तरी बंधन घातले आहे. जो माल विक्रेता नंतर काढून घेऊ शकतो त्याला ‘खरेदी’ म्हणायचे असेल, तर तो केवळ परवाना आहे हे व्यवहाराच्या वेळीच ठळकपणे सांगावे लागते.

मित्राला द्यायचेच असेल तर डिजिटल कुलूप न लावता फाइल देणारे प्रकाशक शोधावेत. असे प्रकाशक आहेत. फाइलला कुलूप नसले तरी कॉपीराइट संपत नाही, त्यामुळे प्रती वाटण्याची मुभा त्यातून मिळत नाही. पण विक्रेत्याचे दुकान उद्या बंद झाले तरी आपले पुस्तक आपल्यापाशी राहते.