पत्रातला मायना हा नुसता देखावा होता का?

तुम्ही विचारलंय की जुन्या पत्रांत चार-चार ओळी मायन्यातच, म्हणजे सुरुवातीच्या मानाच्या संबोधनातच जायच्या, तो देखावाच नव्हता का, आणि आजच्या धावपळीत असल्या शिष्टाचाराला अर्थ काय.

मी जुनी मोडी लिपी वाचतो. लोक घरचे जुने कागद घेऊन येतात आणि मी ते बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून देतो. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून हे काम खूपच वाढलंय. सुरुवातीला मलाही मायन्याचा कंटाळा यायचा. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' हे सगळं ओलांडावं, तेव्हा कुठे मुद्दा हाती लागायचा.

माझं मत बदललं ते शिवाजी महाराजांच्या मे १६७३ च्या पत्रामुळे. चिपळूणजवळ हलवर्णला पागेची, म्हणजे घोडदळाची, छावणी होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेलं हे पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरून कुणी दाणे, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी आणू लागाल, आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असं त्यात खडसावून सांगितलंय. रात्री दिवा जळत ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत हे पत्र जातं. भाषा चांगलीच कडक आहे. पण पत्राची सुरुवात वाचा. ज्यांना दम द्यायचाय त्या कारकुनांनाही आधी 'राजश्री' म्हटलंय आणि राजाने स्वतःच्या नावापुढे 'दंडवत' लिहिलाय. हा त्या काळच्या पत्रलेखनाचा ठरलेला साचा होता, हे खरंच. मला मोल वाटतं ते नेमकं त्याचंच. समोरच्याचा मान लिहिणाऱ्याच्या रागालोभावर सोडलेला नव्हता.

मायना कामाआधी नातं सांगायचा. वडिलांना 'तीर्थरूप', वडिलांच्या जागी असलेल्या काकांना किंवा गुरुजींना 'तीर्थस्वरूप'. बरोबरीच्याला स. न. वि. वि. (सप्रेम नमस्कार विनंती विशेष), मोठ्यांना सा. न. वि. वि. (साष्टांग नमस्कार विनंती विशेष). शेवटही तसाच मापून. कुठे 'लोभ असावा', कुठे 'लोभ आहे, वृद्धी व्हावी'. घरातलं पत्र वाचताना पहिल्या ओळीतच कळतं, कोण कुणाशी बोलतंय.

आता मला फोनवर येणारे निरोप बघा. अनोळखी नंबरवरून कागदाचा वाकडा फोटो येतो, खाली 'किती घेणार? आज पाहिजे'. नाव नाही, गाव नाही. माणूस वाईट असतो असं नाही, बहुतेक वेळा तो तहसीलच्या चकरांनी वैतागलेला असतो. पण आपण माणसाकडे काम सांगतोय की यंत्रात नाणं टाकतोय, हा फरक त्या दोन वाक्यांत पुसला जातो. 'नमस्कार, मी अमुक गावचा' एवढं लिहायला काही सेकंद लागतात. तेवढ्यावर मी रात्री जागून कागद लावून दिलेत, हे अगदी मनापासून सांगतो.

पण जुनं सगळं जसंच्या तसं परत आणा, असं मी म्हणणार नाही. मान कुणाला किती, हे तेव्हा पदावरून आणि जातीवरूनही ठरायचं. विधवेच्या नावामागे 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी, लावत. ऐकायला पवित्र, पण पत्र उघडण्याआधीच बाईचं वैधव्य गावभर सांगणारं. २०२३ मध्ये हा शब्द सरकारी वापरात आणायचा विचार पुढे आला तेव्हा विरोध झाला, आणि तो योग्यच होता. त्याच्या आदल्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. समोरच्याला खाली ढकलणाऱ्या रीतीला मी शिष्टाचार मानत नाही, मग ती कितीही जुनी असो.

गेल्या वर्षी एक तरुण पणजीच्या नावाचं पत्र घेऊन आला होता. 'गं. भा. म्हणजे काय हो काका?' त्याने विचारलं. मी सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, 'हे गाळता येईल का?' लिप्यंतरात मूळ अक्षर गाळता येत नाही, म्हणून मी ते ठेवलं. त्याने माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि फाइलीवर 'श्रीमती' लिहून पुढे पणजीचं पूर्ण नाव घातलं.