ताई, हात माझा चांगला, तरी मीच हरतो

«ताई, मी नागपूरला मानेवाड्यात राहतो, बुटीबोरीच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये आहे. वय 28. शाळेतल्या सात मित्रांचा आमचा क्लॅन, म्हणजे गेममधला गट आहे. दोन वर्षं झाली, रात्री जेवणं झाली की मोबाइलवर खेळतो. माझा हात सगळ्यांत चांगला, असं तेच म्हणतात. पण दिवाळीपासून आमच्यातला एक जण, घरचं बरं आहे त्याचं, पैसे टाकून टाकून एवढ्या वर गेला की मी काहीही करो, हरतोच. मग मीही टाकायला लागलो. 18 हजारांच्या वर गेले. परवा बायकोनं 1,799 रुपयांचा बँकेचा मेसेज पाहिला. मी रिचार्ज म्हणून सांगितलं. लय राग येतो ताई. गेमचा, मित्राचा, स्वतःचा. सोडून देऊ का? एक जण माझं अकाउंट 6 हजारांत घ्यायला तयार आहे. देऊन टाकू का? — हरलेला खेळाडू»

अरे भाऊ, सहीपासूनच माझा आक्षेप आहे. हरायला आधी सामना व्हावा लागतो.

तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे गल्लोगल्ली लाकडी बैल सजवायची स्पर्धा असते. एखादं पोरगं आपला वीतभर बैल झूल, माळा, बेगड लावून जीव ओतून सजवतं, आणि कुणाचे तरी बाबा पोराच्या डोक्याहून उंच, चाकांचा बैल ओढत आणतात. बक्षीस कुठं जाणार हे पोरांनाही कळतं. तरी तिथं बोजारा, म्हणजे पोरांना द्यायचे पैसे-खाऊ, सगळ्यांना मिळतो आणि संध्याकाळी खेळ संपतो. तुझ्या गेममध्ये बैलांचं दुकान थेट परीक्षकांच्या टेबलावर मांडलेलं आहे आणि ते रात्री दोनलाही उघडं असतं.

आता दुकान कसं चालतं ते बघ, कारण तुझा सगळा राग इथं अडकलाय. फुकट मिळणाऱ्या गेममध्ये बहुतेक लोक एक रुपयाही टाकत नाहीत. कमाई मूठभर लोकांवर चालते, आणि त्यातल्या मोठ्या गिऱ्हाइकांना या धंद्यात ‘व्हेल’ म्हणतात. पण पैसे टाकणाऱ्याला हरवायला समोर कुणीतरी लागतं ना? फुकट खेळणारे त्यासाठीच असतात. तुझ्या मित्रानं जे विकत घेतलं, त्यातला अर्धा माल तूच आहेस.

मग तुला वाटलं, आपणही थोडे टाकून बरोबरी करू. ती होत नाही, कारण शेवटची पायरी ठेवलेलीच नसते. गेममध्ये ताकद देणारं नवं कार्ड येतं तेव्हा जबर असतं, सगळे घेतात, काही आठवड्यांनी त्याचा जोर कमी करतात आणि दुसरं आणतात. पॅक 500 जेम्सचा, म्हणजे गेममधल्या नाण्यांचा, आणि वस्तू 600 ची. दोन पॅक घेतले की 400 उरतात, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून तू पुन्हा दुकानात. रुपये दिसत नाहीत, जेम्स दिसतात, म्हणून 1,799 गेल्याचं बँकेच्या मेसेजवरून कळतं. आणि हरल्या हरल्या समोर येणारं ते ‘फक्त 2 तास’चं घड्याळ! बरेचदा तीच ऑफर आठवड्यानं परत येते. अशी खोटी घाई केंद्र सरकारच्या 2023 च्या डार्क पॅटर्न, म्हणजे गिऱ्हाइकाला भुलवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत चुकीची ठरवलेली आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जरूर कर, पण 18 हजार परत येतील या आशेनं करू नको.

सगळ्याच गेमवाल्यांना मी एका माळेत ओवत नाही. कपडे, रंग, नाचण्याच्या स्टेप विकणाऱ्यांशी माझं भांडण नाही. चमकदार जॅकेटवाला तुझ्या गोळीनं तेवढाच मरतो. ताकद विकली की बिघडतं. 2017 मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2 या गेमवरून याच कारणानं जगभर बोंब झाली होती. पूर्ण किंमत मोजूनही डार्थ व्हेडर हे त्यातलं गाजलेलं पात्र मिळवायला तासन्‌तास घासावं लागणार, आणि सामन्यात उपयोगी पडणारी ताकद बंद पेट्यांतून, पैसे देऊन घेता येणार. खेळाडू असे भडकले की ईए कंपनीनं गेम बाजारात येण्याच्या तोंडावर आतली विक्री थांबवली, आणि 2018 मध्ये परत आणली तेव्हा ती फक्त दिखाव्याच्या वस्तूंची होती. त्याच वर्षी बेल्जियमनं अशा पैशाच्या पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. आपला 2025 चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा मात्र पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर रोखलेला आहे. तुझ्या गेममधून पैसे परत येतच नाहीत, तेव्हा त्या कायद्याची वाट बघत बसू नको.

मित्रावरचा राग सोड. त्यानं तुला फसवलं नाही, तोही त्याच घड्याळाला भुलला, फक्त त्याचा खिसा खोल आहे. उलट त्याच्याशी एकदा बोल. सारखं जिंकून तोही कंटाळला असेल, असा माझा अंदाज आहे.

बायकोचं मात्र आजच्या आज. 18 हजारांपेक्षा तो ‘रिचार्ज’ महाग पडेल. प्ले स्टोअरमधला खरेदीचा हिशेब उघड, पूर्ण आकडा तिच्यासमोर ठेव. ‘मित्रांनी लावलं’ वगैरे काही जोडू नको. ती चिडेल. चिडू दे, तिचा हक्क आहे. मग प्ले स्टोअरला जोडलेलं यूपीआय आणि कार्ड काढून टाक आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग लाव. पासवर्ड तिला ठेवायला सांगू नको, तिला तुझी पहारेकरी करायचं कशाला? शेवटची खरेदी 48 तासांच्या आतली असेल तर गुगलकडे रिफंड मागून बघ.

गेम सोडावा का? पत्र पुन्हा वाचलं, तर तुला त्या गेमपेक्षा रात्रीची ती सात जणांची बैठक हवी आहे असं दिसतं. शिफ्टच्या नोकरीत शाळेचे मित्र रोज भेटणं म्हणजे चैन आहे, ती घालवू नको. सगळ्यांना सारखी शस्त्रं मिळतात असा एखादा गेम तूच सुचव. नाही पटलं तर कॅरम आहे, रविवारी फुटाळा तलावावर चक्कर आहे. दोघं-तिघं जुन्याच गेमवर राहतील, राहू दे.

आणि अकाउंट विकू नको. बहुतेक गेमच्या नियमांत ते चालत नाही, उद्या बंद पडलं तर घेणारा तुझ्या दारात उभा राहील. मेल आयडी, फोन नंबर तुझा, म्हणजे भानगड झाली तर नाव तुझंच. ‘आधी लॉगिन दे, मग पैसे टाकतो’ म्हणणाऱ्याचे 6 हजार येतीलच याची खात्री कोण देणार? आणि आले असं धरलं, तरी तोही तुझ्यासारखाच कुठला तरी 28 वर्षांचा पोरगा असेल. आधी सगळीकडून लॉगआउट कर, मग अकाउंट डिलीट करायचा पर्याय शोध. सेटिंगमध्ये सापडला नाही तर गेमच्या सपोर्टला लिही.