नोएडात घरांचे भाव पडलेले दिसत नाहीत, मग तिथला बाजार मोडला होता असे का म्हणतात? आता तिथे फ्लॅट घ्यावा का?

आपण विचारले आहे की, बदलीमुळे पुण्याहून नोएडाला जावे लागत आहे, तिथला घरांचा फुगा २०१३ च्या सुमारास फुटला असे सर्वत्र वाचायला मिळते, परंतु जुने आणि नवे दर शेजारी ठेवले तर मोठी घसरण कुठेच आढळत नाही. तेव्हा फुगा फुटला म्हणजे नेमके काय झाले, आणि आता तिथे पुनर्विक्रीचा फ्लॅट घेणे कितपत सुरक्षित आहे. मी बरीच वर्षे नोएडात राहतो आणि गृहकर्जाच्या कागदपत्रांची छाननी हा माझ्या नोकरीचा भाग आहे. खालील उत्तर त्या अनुभवावर आणि न्यायालयीन निकालांच्या वाचनावर आधारलेले आहे.

दरांविषयीचे आपले निरीक्षण बरोबर आहे. अमेरिकेत लास व्हेगाससारख्या शहरात २००६ ते २०१२ या काळात घरांच्या किमती साठ टक्क्यांच्या आसपास खाली आल्या, कारण कर्ज थकल्यावर बँकांनी तयार घरे जप्त करून मिळेल त्या किमतीला विकली. नोएडात बँकेकडे विकण्याजोगे तयार घरच नव्हते. तारण म्हणून होते ते अर्धवट उभ्या इमारतीतील एका क्रमांकाचे वाटपपत्र. त्यामुळे इथे नुकसान दरात न दिसता ताब्याच्या तारखेत दिसले: तीन वर्षांत मिळणारे घर आठ, दहा, कधी तेरा वर्षांनी मिळाले, काहींना अजून मिळालेले नाही, आणि ज्यांना मिळाले त्यांतील हजारो लोकांच्या नावावर ते कागदोपत्री झालेले नाही.

याचे मूळ जमिनीच्या व्यवहारात आहे आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाला तो व्यवहार अपरिचित असतो. नोएडा प्राधिकरण १९७६ मध्ये आणि ग्रेटर नोएडा प्राधिकरण १९९१ मध्ये स्थापन झाले. प्राधिकरण शेतकऱ्यांकडून जमीन संपादित करते आणि बिल्डरला ती ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. इमारत पूर्ण झाल्यावर प्राधिकरण, बिल्डर आणि ग्राहक अशा तिघांच्या सह्यांनी उपपट्टा नोंदवला जातो, त्यालाच इथे सगळे ‘रजिस्ट्री’ म्हणतात. आपल्याकडे महाराष्ट्रात १९६३ च्या मोफा या सदनिकाविषयक कायद्यापासून बिल्डरने ठरावीक मर्यादेपुढे पैसे घेण्याआधी करारनामा नोंदवणे बंधनकारक आहे. इथे रेरा हा बांधकाम व्यवसायाचे नियमन करणारा २०१६ चा कायदा येईपर्यंत ग्राहकाच्या हाती बहुधा नोंदणी न झालेला करार आणि वाटपपत्र एवढेच असे, आणि रजिस्ट्री व्हायची तर बिल्डरने प्राधिकरणाची देणी चुकती केलेली असणे आवश्यक होते. म्हणजे ग्राहकाने संपूर्ण रक्कम भरली तरी त्याची मालकी बिल्डर आणि प्राधिकरण यांच्यातील हिशेबावर अवलंबून राहिली.

तो हिशेब सुरुवातीपासूनच कच्चा होता. २००७ नंतरच्या तेजीत गृहसंकुलांचे भूखंड किमतीच्या अवघ्या १० टक्के रकमेवर वाटले गेले. त्यानंतर दोन वर्षे हप्ता नाही आणि उरलेली रक्कम पुढील अनेक वर्षांत सव्याज. ज्याच्याकडे एका भूखंडापुरते भांडवल होते त्याने या अटींवर पाच भूखंड घेतले. पहिल्या प्रकल्पाच्या बुकिंगमधून जमा झालेला पैसा दुसऱ्या भूखंडाच्या १० टक्क्यांसाठी गेला, दुसऱ्याचा तिसऱ्यासाठी. तेव्हा नोएडा एक्स्टेंशन म्हटल्या जाणाऱ्या आणि आता ग्रेटर नोएडा वेस्ट असे नाव असलेल्या भागात चौरस फुटाला साधारण दोन हजार रुपये दराने फ्लॅट मिळत होते, म्हणजे दिल्लीत खोलीही मिळणार नाही अशा किमतीत तीन खोल्या. घेणाऱ्यांत नोकरदार जोडपी होती, तसेच पाच-सहा लाख भरून वर्षभराने वाटपपत्र पुढच्याला नफ्यावर देणारे गुंतवणूकदारही होते, आणि बिल्डरला हे दुसरे गिऱ्हाईक अधिक प्रिय होते, कारण ते ताब्याची तारीख विचारत नसे.

मग एकामागून एक खीळ बसत गेली. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबेरी गावाचे भूसंपादन रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला, कारण उद्योगांसाठी म्हणून तातडीच्या कलमाखाली, म्हणजे शेतकऱ्यांचे म्हणणे न ऐकता, घेतलेली जमीन बिल्डरांना दिली गेली होती. त्याच महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने पटवारी गावाचेही संपादन रद्द केले. ऑक्टोबर २०११ मध्ये उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने बहुतेक गावांतील संपादन कायम ठेवले, मात्र शेतकऱ्यांना ६४.७ टक्के वाढीव मोबदला आणि १० टक्के विकसित जमीन द्यावी असा आदेश दिला, शिवाय राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाने आराखडा मंजूर करेपर्यंत बांधकाम थांबवले. ती मंजुरी ऑगस्ट २०१२ मध्ये मिळाली. शेतकऱ्यांची बाजू न्याय्य होती, हे इथे मुद्दाम नोंदवतो. तेव्हाच्या अनेक ग्राहकांनी सगळा राग त्यांच्यावर काढला आणि तो चुकीच्या जागी होता. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ओखला पक्षी अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आतील प्रकल्पांना पूर्णत्वाचा दाखला देण्यास मनाई केली, आणि अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची सीमा ऑगस्ट २०१५ मध्ये अधिसूचित होईपर्यंत नोएडातील तयार इमारतीही अडकून पडल्या. या सर्व काळात प्राधिकरणाच्या थकबाकीवर व्याज आणि दंडव्याज चढतच होते.

वाटपपत्रे फिरवणाऱ्यांना पुढचा गिऱ्हाईक मिळेनासा झाला तो याच सुमारास. विक्री टिकवण्यासाठी बिल्डरांनी सबव्हेन्शनची योजना जोरात चालवली: ग्राहकाने १० किंवा २० टक्के भरायचे, बँकेने कर्जाची मोठी रक्कम बिल्डरला आधीच द्यायची आणि ताबा मिळेपर्यंत व्याज बिल्डरने भरायचे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना कर्जाचे वाटप बांधकामाच्या टप्प्यांशी जोडण्याची ताकीद दिली, तरी प्रकार पुरता थांबला नाही. बिल्डरने व्याज भरणे बंद केले तेव्हा बँकांनी कर्जदाराकडेच बोट दाखवले, कारण कर्ज त्याच्याच नावावर होते. या व्यवहारांतील बँका आणि बिल्डर यांच्या संगनमताची केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने बऱ्याच उशिरा, एप्रिल २०२५ मध्ये दिला.

पैसा कुठे गेला याचे सर्वांत तपशीलवार उत्तर आम्रपाली या बिल्डर समूहाच्या प्रकरणात मिळते. न्यायालयाने नेमलेल्या लेखापरीक्षकांना ग्राहकांचे तीन हजार कोटींहून अधिक रुपये इतरत्र वळवलेले आढळले, आणि काही फ्लॅट चौरस फुटाला १, ५ किंवा ११ रुपये अशा दराने भलत्यांच्याच नावे नोंदवलेले सापडले. २३ जुलै २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समूहाची रेरा नोंदणी रद्द केली, उरलेले बांधकाम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले आणि, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, बिल्डरच्या थकबाकीसाठी प्राधिकरणाने ग्राहकांची रजिस्ट्री अडवू नये असे सांगितले. ४० हजारांहून अधिक ग्राहकांचा प्रश्न त्या निकालाशी जोडलेला होता. जेपी इन्फ्राटेक या दुसऱ्या बिल्डर कंपनीची वाट वेगळी: ऑगस्ट २०१७ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, सुमारे २० हजार ग्राहक अडकले, २०१८ मध्ये कायदा बदलून घर घेणाऱ्यांना वित्तीय धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकांसारखा, दर्जा मिळाला आणि कंपनी ताब्यात घेण्याची ‘सुरक्षा’ नावाच्या समूहाची योजना मार्च २०२३ मध्ये मंजूर झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये सुपरटेक या बिल्डरचे नोएडातील जुळे मनोरे पाडले गेले, ते दृश्य सर्वांच्या लक्षात आहे. पण तो बेकायदा बांधकामाचा खटला होता आणि अडकलेल्या घरांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो: इतके सगळे होऊनही दर का उतरले नाहीत? पहिले कारण बिल्डरचे. त्याने जाहीर दर कमी केला तर आधीचे ग्राहक हप्ते थांबवतात आणि धनको तारणाची किंमत पुन्हा काढायला बसतात. म्हणून तो दर तसाच ठेवून पार्किंग, स्वयंपाकघराची फर्निचरसह मांडणी, नोंदणीचा खर्च असे काही ना काही फुकट देतो. दुसरे कारण पुनर्विक्रीचे. रजिस्ट्री नसलेला फ्लॅट विकायचा तर बिल्डरच्या दप्तरी नाव बदलून घ्यावे लागते, त्यासाठी तो शुल्क घेतो, आणि खरेदीदाराला कर्ज मिळणे कठीण असते. त्यामुळे पडेल भावाने झालेले सौदे सरकारी नोंदीत उमटतच नाहीत. तिसरे कारण करांचे आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा, ज्याला इथे ‘सर्कल रेट’ आणि आपल्याकडे रेडी रेकनर म्हणतात, फारच कमी किमतीत व्यवहार केला तर आयकर कायदा फरकाची रक्कम विक्रेत्याचे आणि खरेदीदाराचेही उत्पन्न धरतो. बाजार खाली गेला तरी कागदावरचा दर खाली जाऊ न देण्याची व्यवस्था अशी कायद्यातच आहे.

दर स्थिर राहिला म्हणजे नुकसान झाले नाही असे मात्र समजू नये. ग्रेटर नोएडा वेस्टमधील दर साधारण २०१३-१४ पासून २०२० पर्यंत चौरस फुटाला साडेतीन हजारांच्या मागेपुढे रेंगाळले. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तरी सात वर्षांत त्या पैशाचे मोल जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते. त्यावर घरभाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच पगारातून भरणाऱ्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहा. माझ्या कामात अशा फाइली सतत येत असत, आणि त्यांत आणखी एक बारीक घाव असे: कर्ज घेतले ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत, पूर्वीच्या नियमाने तीन वर्षांत, घर पूर्ण झाले नाही तर व्याजावरील करसवलत दोन लाखांवरून ३० हजारांवर येते. बिल्डरच्या विलंबाचा दंड अशा रीतीने ग्राहकालाच बसला.

त्यानंतर परिस्थिती सुधारली, हे मान्य करायला हवे. रखडलेल्या प्रकल्पांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या अमिताभ कांत समितीने २०२३ मध्ये देशभरात ४ लाख १२ हजार घरे रखडल्याचा आकडा मांडला आणि त्यांतील निम्म्याहून अधिक राजधानी क्षेत्रातली होती. तिच्या शिफारशींवरून उत्तर प्रदेश सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कोरोनाची दोन वर्षे व्याजमुक्त धरली आणि थकबाकीच्या २५ टक्के रक्कम भरणाऱ्या बिल्डरांच्या प्रकल्पांत रजिस्ट्री सुरू करण्याची वाट मोकळी केली. दुसरीकडे नोएडाजवळच्या जेवर येथील विमानतळाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली आणि त्यानंतर दर झपाट्याने वाढले. इथेच सावध राहावे असे मला वाटते, कारण वाढलेला दर सर्व फ्लॅटना सारखाच लावला जात आहे, मग त्याची कागदपत्रे पूर्ण असोत वा नसोत.

आपण पुनर्विक्रीचा फ्लॅट पाहणार असाल तर दलाल प्रथम मजला, दिशा आणि मेट्रोचे अंतर सांगेल. आपण प्रथम विचारावे की या मनोऱ्याला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का. संकुलाला नव्हे, त्या मनोऱ्याला; कारण एकाच आवारात चार मनोऱ्यांना प्रमाणपत्र आणि पाचव्याला नाही असे सर्रास आढळते. त्यानंतर विक्रेत्याच्या नावाने नोंदवलेल्या उपपट्ट्याची प्रत मागावी. ‘ताबा आहे, लोक राहत आहेत, रजिस्ट्री लवकरच उघडेल’ हे वाक्य आपल्याला अनेकदा ऐकू येईल. लोक खरोखरच राहत असतात, बऱ्याचदा अंतर्गत कामासाठी म्हणून दिलेल्या तात्पुरत्या ताब्यावर, आणि वर्षानुवर्षे. अशा फ्लॅटला दहा-पंधरा टक्के सूट मिळत असली तरी माझा सल्ला नाहीच असा राहील, कारण बिल्डरच्या थकबाकीचे पुढे काय होईल हे ना विक्रेत्याच्या हाती आहे ना आपल्या. उपपट्टा नोंदवलेला असेल तर पुनर्विक्रीसाठी प्राधिकरणाचे हस्तांतरपत्र लागते, त्याला इथे ‘टीएम’ म्हणतात. त्याचे शुल्क कोण भरणार हे इसारपत्रातच लिहून घ्यावे. तसेच संकुलाचा कारभार सदनिकाधारकांच्या संघाकडे आला आहे की अजून बिल्डरकडेच आहे, आणि देखभालीची सुरुवातीची ठेव संघाकडे वर्ग झाली आहे का, हेही तिथल्या रहिवाशांनाच विचारावे. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखी रचना इथल्या बिल्डरच्या संकुलांत सहसा नसते.

आपली बदली तीन-चार वर्षांचीच असेल, तर मी भाड्याने राहण्याचे सुचवेन. ज्या संकुलात पुढे घर घेण्याचा विचार असेल त्याच संकुलात भाड्याने घ्यावे; लिफ्ट, पाणी आणि संघाच्या बैठकीतील भांडणे यांवरून बिल्डरने काय बाकी ठेवले आहे ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा लवकर कळते.