वाचकांचे प्रश्न : जुनं गॅरेज

प्रश्न : आजोबांच्या बंगल्याच्या आवारात विटांचं, मंगलोरी कौलांचं गॅरेज आहे. कौलावर १८६५ असा ठसा आहे. इमारत तितकी जुनी असेल का? सिमेंटचा गिलावा करूनही भिंतींना ओल चढते. आत गाडीखाली उतरण्याचा खड्डा आहे. इथे अभ्यासिका करायची आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. १८६५ हे बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्याचं साल. पुढे कित्येक वर्षं ते ठशात तसंच राहिलं. कौलावर ‘कॉमनवेल्थ’ (मिशनचे कारखाने पुढे चालवणारी कंपनी) हे नाव असेल, तर ते पहिल्या महायुद्धानंतरचं. आणि १८६५ मध्ये मोटारी होत्याच कुठे? मिळकत पत्रिका आणि नगरपालिकेचे जुने घरपट्टी उतारे काढा. कर आकारणी पहिल्यांदा कधी झाली, ते त्यात सापडतं.

आता ओल. तुमचा गिलावाच ती वाढवतोय. चुन्यातल्या विटांची भिंत जमिनीतलं पाणी शोषते आणि पृष्ठभागावरून सुकते. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी आणखी वर चढतं, क्षार फुटतात, विटांचा भुगा होतो. ओलीच्या रेषेच्या वर दोन फुटांपर्यंत गिलावा हलक्या हाताने उतरवा. सांध्यांतला सैल चुना पाऊण इंच खरवडून काढा आणि भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवा. गवंडी घाई करेल, ऐकू नका. मग एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू या प्रमाणात सांधे भरून गिलावा करा आणि आठवडाभर ओला ठेवा. वर ऑइलपेंट लावलात तर सगळी मेहनत वाया. चुन्याची सफेदीच हवी.

पण त्याआधी छप्पर. चौरस मीटरला साधारण १५ कौलं बसतात. फुटतुटीसाठी दहा टक्के जास्त आणा. नव्या कौलाची खाच जुन्याला नेमकी बसत नाही आणि पहिल्याच वळवात तिथून पाणी येतं. म्हणून चांगली जुनी कौलं पुढच्या उतारावर एकत्र करा, मागे सगळी नवी. वाशांची भिंतीत गेलेली टोकं टोच्याने तपासा. टोच्या सहज आत गेला तर टोक कुजलंय.

खड्ड्यावर नुसत्या फळ्या टाकू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तिथे साचते. वेल्डिंग दूरच, आत काडीही ओढू नका. तेलाचा गाळ उपसा, तळ फोडा, मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून धुम्मसाने ठोका. वर चार इंच काँक्रीट. राडारोडा एकदम ओतला की वर्षभरात जमीन खचते.

प्रश्न : तेल मुरलेल्या कोब्यावर फरशी चिकटेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा तसाच राहिला, तर चिकटणार नाही. वरवरचं तेल धुण्याच्या सोड्याने निघतं. खोल मुरलं असेल, तर तेवढा कोबा फोडून नवा करा.