घरी एच केलेल्या (रसायनानं नको ते तांबं काढलेल्या) पीसीबीचं, म्हणजे सर्किट बोर्डचं तांबं काळं पडतंय, त्यावर काय लावू?

होय, आपल्या बेळगाव खानापूरकडच्या पावसात हे होणारच, हवेत दमटपणा इतका असतोय की उघडं तांबं लवकर काळपटतं आणि मग त्यावर सोल्डर धरत नाही. त्यात एच करायचं रसायन, फेरिक क्लोराइड, नीट धुतलं नसेल तर अजून लवकर. म्हणून आधी बोर्ड खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून मग भरपूर साध्या पाण्यानं धुवा, बारीक स्कॉचब्राइटनं चकचकीत होईपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि तिथनं पुढं तांब्याला बोट लावू नका, घामातल्या मिठानं ठसे उमटतात बघा.

आता लावायचं काय, तर मला सगळ्यात आवडतं ते राळेचं पाणी. सोल्डरिंगला मिळते ती राळ कुटून त्याच अल्कोहोलमध्ये विरघळवायची, पातळ मधाच्या रंगाची झाली की ब्रशनं एकच पातळ हात मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचं. हवा लागत नाही आणि वरनंच सोल्डर करता येतं, कारण राळ स्वतःच फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरायला मदत करणारा पदार्थ आहे. नळकामाचा ॲसिडवाला फ्लक्स मात्र अजिबात नको, तो ट्रॅक (बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा) खातो.

जास्त टिकायला हवं असेल तर फ्लक्स लावून सगळे ट्रॅक टिन करा, म्हणजे त्यांच्यावर सोल्डरचा पातळ थर चढवा. पार्ट बसवून, टेस्ट करून झालं की फ्लक्स साफ करून क्लिअर ॲक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात द्या, कनेक्टर आणि स्विचवर तेवढी टेप लावा.