पक्षपाती, पक्षीय की पक्षाभिनिवेशी?

अमेरिकेतील रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांवरील एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना एका वाचकांनी ‘पार्टिझन’ (एका राजकीय पक्षाची कड घेणारा) या विशेषणासाठी ‘पक्षपाती’ हा शब्द योजला; मजकूर तपासणाऱ्यांनी तो खोडून ‘पक्षीय’ केला. वाक्य असे होते : ‘लेट नाइट कार्यक्रम पक्षपाती झाले आणि त्यामुळे त्यांचा ऱ्हास झाला.’ या दोहोंपैकी बरोबर शब्द कोणता आणि ‘बायपार्टिझन’ला, म्हणजे दोन्ही पक्षांचा पाठिंबा असलेल्याला, ‘द्विपक्षीय’ म्हणावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते या वाक्यात दोन्ही शब्द बसत नाहीत. ‘पक्षीय’ हे विशेषण आपण ‘पक्षीय बलाबल’, ‘पक्षीय राजकारण’ अशा ठिकाणी वापरतो आणि तेथे ते चोख काम करते. पण ‘पक्षीय कार्यक्रम’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मेळावा, व्यासपीठ आणि सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते येतात, न्यूयॉर्कच्या नाट्यगृहात सूट घालून विनोद सांगणारा निवेदक येत नाही. तेव्हा तो शब्द बाजूला ठेवू. ‘पक्षपाती’चे प्रकरण मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे.

‘पक्ष’ म्हणजे मुळात पंख, आणि त्यावरून बाजू. शुक्ल पक्ष, वद्य पक्ष, वरपक्ष, वधूपक्ष, वादातील पूर्वपक्ष या सगळ्यांत ‘बाजू’ हाच अर्थ आहे. निवडणूक लढवणारी संघटना हा अर्थ त्या मानाने अलीकडचा. इंग्रजी शब्दही फ्रेंचमार्गे इटालियनमधील ‘भाग’ या अर्थाच्या ‘पार्ते’पर्यंत जातो, म्हणजे इथवर दोघांची वाट एकच आहे. फरक पडतो तो ‘पात’मुळे. पक्षपात म्हणजे एका बाजूला झुकणे, आणि संस्कृतात ते नेहमी निंद्य होते असे नाही. जैन आचार्य हरिभद्रसूरींचे ‘पक्षपातो न मे वीरे न द्वेषः कपिलादिषु’ हे वचन पाहावे : महावीरांविषयी मला पक्षपात नाही आणि कपिल वगैरेंविषयी द्वेष नाही. येथे पक्षपात द्वेषाच्या समोर उभा आहे, म्हणजे त्याचा अर्थ ओढा, आपुलकी असा आहे. मराठीत येईपर्यंत मात्र त्याचा आरोप झाला, आणि ज्याच्याकडून समदृष्टीची अपेक्षा असते त्यालाच हा आरोप लागू पडतो. न्यायाधीश, पंच, परीक्षक पक्षपाती असू शकतात. पंगतीत तुपाची वाटी घेऊन फिरणारा ओळखीच्या पानावर धार जरा लांबवतो तेव्हा तो पक्षपात करतो, आणि त्यासाठी ‘पंक्तिप्रपंच’ असा खास शब्दही आपल्याकडे आहे. पण त्याच पंगतीत जेवणारा कोणी ‘आंबा खावा तर देवगडचाच’ म्हणत असेल, तर त्याला आपण अभिमानी म्हणू, हट्टी म्हणू. पक्षपाती म्हणणार नाही, कारण वाढण्याचे काम त्याच्याकडे नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा की रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी पडद्यावर येणारा निवेदक वाढणारा आहे की जेवणारा? जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे ‘द टुनाइट शो’ चालवला आणि सत्तेवरच्या प्रत्येकाची थट्टा केली, पण स्वतःचा कौल कधी उघड केला नाही. १९७९मधील एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्यांनी, गंभीर प्रश्न हाताळणे हे आपले कामच नव्हे, असे स्वच्छ सांगितले होते. त्यांच्या काळात मोजक्याच वाहिन्या होत्या आणि निम्म्या घरांना दुखावणे कोणत्याही वाहिनीला परवडणारे नव्हते. वादग्रस्त विषयांवर विरुद्ध मतांनाही जागा द्यावी असे प्रसारकांवर बंधन घालणारे ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ हे सरकारी धोरणही १९४९पासून होते. ते १९८७ साली रद्द झाले. निवडणुकीतील उमेदवारांना समान संधी देण्याचा नियम वेगळा आणि तो कायम आहे, पण विनोद दोन्ही बाजूंना समसमान वाटून द्यावा असे तो सांगत नाही. थोडक्यात, कार्सन वाढप्यासारखे वागले ते धंद्याच्या आणि स्वभावाच्या गरजेने. ती सवय मोडणाऱ्या पुढच्या पिढीला ‘पक्षपाती’ म्हणणे म्हणजे ते काम त्यांच्याकडे सोपवलेच होते असे गृहीत धरणे होय.

मग नेमका शब्द कोणता? तो आपल्या रोजच्या वाचनात आहे : अभिनिवेश. ‘राजकीय अभिनिवेश बाजूला ठेवून’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत इतका रुळलेला आहे की त्याकडे आपले लक्षही जात नाही. योगसूत्रांतील पाच क्लेशांपैकी शेवटचा क्लेश म्हणजे अभिनिवेश, जिवाला घट्ट चिकटून राहणे. मराठीत त्याला आग्रहाची, आवेशाची छटा आली. अंगीकृत कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका या शब्दात नाही, पण आपल्या बाजूला चिकटून बोलण्याची धग आहे. म्हणून ‘पार्टिझनशिप’ला पक्षाभिनिवेश आणि विशेषणाला पक्षाभिनिवेशी हे मला सर्वांत जवळचे वाटतात. प्रेक्षकांविषयी लिहायचे असेल तर ‘पक्षाभिमानी’ चालेल, आणि भाषा सैल ठेवायची असेल तर ‘एका पक्षाची तळी उचलणारे’ याहून बोलके काही नाही. ताम्हनात भंडारा, खोबरे, विड्याची पाने ठेवून चारपाच जण मिळून ‘सदानंदाचा येळकोट’च्या गजरात ते वर उचलतात, त्या खंडोबाच्या विधीवरून हा वाक्प्रचार आला आहे. मात्र तळी भक्तिभावाने उचलली जाते, आणि अमेरिकी निवेदकांचे बरेचसे काम दुसऱ्या बाजूला टोले हाणण्याचे असल्यामुळे ती उपमा तेथे अर्धीच लागू पडते.

स्टीफन कोल्बेर यांचे उदाहरण शब्दाच्या दृष्टीने फार मासलेवाईक आहे. २००५ ते २०१४ या काळात ‘द कोल्बेर रिपोर्ट’मध्ये त्यांनी एका कडव्या उजव्या भाष्यकाराचे सोंग घेतले होते; म्हणजे तेथे अभिनिवेश हीच भूमिका होती आणि हसू त्या अभिनिवेशाचे होते. सप्टेंबर २०१५मध्ये ते सीबीएस या वाहिनीच्या ‘द लेट शो’वर स्वतःच्या नावाने आले तेव्हा सोंग उतरले आणि स्वतःचा अभिनिवेश उरला. दोन्ही कार्यक्रमांना ‘पक्षपाती’ हे एकच लेबल लावले तर हा सगळा फरक पुसला जातो.

आता वाक्यातील ‘त्यामुळे’ या शब्दाकडे वळू, कारण माझा खरा आक्षेप त्याच्यावर आहे. सप्टेंबर २०१६मध्ये ‘द टुनाइट शो’चे निवेदक जिमी फॅलन यांनी कार्यक्रमात आलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांचे केस गमतीने विस्कटले, आणि त्यांच्यावर टीका झाली ती कड न घेतल्याबद्दल. त्यानंतरच्या काळात एकूण प्रेक्षकसंख्येत कोल्बेर फॅलन यांच्या पुढे गेले. उजव्या बाजूने फॉक्स न्यूजवर ग्रेग गटफेल्ड यांचा कार्यक्रम २०२१पासून रोज रात्री सुरू झाला आणि तोही चांगला चालला. अभिनिवेशाने प्रेक्षक विभागले गेले हे खरे, पण उरलेले अधिक घट्ट धरलेही गेले. १७ जुलै २०२५ रोजी सीबीएसने ‘द लेट शो’ मे २०२६मध्ये बंद करण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा तो निव्वळ आर्थिक असल्याचे सांगितले. वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलर तोटा होत असल्याच्या बातम्या आल्या. ट्रम्प यांनी केलेल्या दाव्यात सीबीएसच्या मालक कंपनीने त्यांच्याशी १ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली होती आणि कोल्बेर यांनी तिला तीनच दिवस आधी लाच म्हटले होते, म्हणून अनेकांना तो खुलासा पटला नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे डोळ्यांसमोर ठेवले तरी ‘अभिनिवेश, म्हणून ऱ्हास’ अशी सरळ रेघ ओढता येत नाही. शिवाय आता हे कार्यक्रम रात्री बघतो कोण? उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये ११.३५ होतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ५ मिनिटे झालेली असतात, आणि आपण तर ते तुकड्यातुकड्यांनी यूट्यूबवरच पाहतो. खुद्द अमेरिकेतही पुष्कळांची हीच तऱ्हा आहे.

‘पक्षपाती’ हा शब्द जपून वापरावा याचे आणखी एक कारण आहे. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या प्रसारण नियामक आयोगाच्या अध्यक्षांनी एबीसी वाहिनीवरील निवेदक जिमी किमेल यांच्या एका निवेदनावरून वाहिनीला जाहीर इशारा दिला, एबीसीने त्यांचा कार्यक्रम थांबवला आणि सहा दिवसांनी तो परत सुरू केला. अशा वातावरणात निवेदकाला अभिनिवेशी म्हणणे ही अभिरुचीची टीका ठरते, तर पक्षपाती म्हणणे जवळजवळ तक्रारअर्ज होतो. मूळ लेखकाला तक्रारच करायची असेल तर ‘पक्षपाती’ खुशाल ठेवावा. नसेल तर वाक्य असे करता येईल : ‘लेट नाइट कार्यक्रमांत पक्षाभिनिवेश वाढत गेला आणि त्याच काळात त्यांना उतरती कळा लागली.’

‘बायपार्टिझन’चे उत्तर सोपे आहे. ‘द्विपक्षीय करार’ म्हटल्यावर आपल्याला दोन देश आठवतात, तेव्हा अमेरिकी काँग्रेसमधील विधेयकाला तो शब्द लावला तर घोटाळा होईल. तेथे ‘उभयपक्षी पाठिंबा असलेले विधेयक’ किंवा सरळ ‘दोन्ही पक्षांनी उचलून धरलेले विधेयक’ लिहावे.