साँचीला अस्थिदर्शनाला जाताय? आधी वार बघा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. सत्तरीच्या आईंना साँचीला सारिपुत्त-मोग्गल्लान या बुद्धांच्या दोन पट्टशिष्यांच्या अस्थींचं दर्शन घडवायचंय, आणि इंदूरच्या कुठल्याशा ट्रॅव्हल ऑफिसने सांगितलंय, ‘कधीही जा, विहार रोज उघडा असतो.’ विहार उघडा असतो, अस्थी नाही! हेच अर्धवट उत्तर आम्हालाही मिळालं होतं. २४० किलोमीटर जाऊन वयस्कर माणसं मूर्तीपुढे हात जोडून तशीच परतली. चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्याने एवढं तरी माहीत करून घ्यायला नको का?

साँचीच्या या चेतियगिरी विहारातल्या अस्थी सर्वांच्या दर्शनासाठी निघतात त्या नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारच्या मेळ्यात. १८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी या इंग्रज अधिकाऱ्यांना साँचीच्या ३ क्रमांकाच्या स्तूपात आणि जवळच्या सतधाऱ्यात या दोघांच्या अस्थी सापडल्या. लंडनच्या संग्रहालयात गेलेल्या परत आल्या आणि ३० नोव्हेंबर १९५२ ला, रविवारीच, इथे ठेवल्या गेल्या. तारीख आणि वेळ विहारातच फोन करून पक्की करा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका.

मेळ्याला पहाटे इंदूरहून निघून त्याच दिवशी परतणं आईंना झेपणार नाही, असं माझं मत. शनिवारी भोपाळला किंवा विदिशाला मुक्काम करा. विदिशा साँचीपासून जेमतेम १० किलोमीटर. रेल्वेने जाणार असाल तर साँचीला फार थोड्या गाड्या थांबतात, विदिशालाच उतरलेलं बरं. गर्दीत गाडी टेकडीखालीच सोडावी लागेल असं धरून चला.

वर टेकडीवर मोठ्या स्तूपाला प्रदक्षिणा जमिनीवरूनच घाला. दक्षिणेच्या जिन्याने वरच्या मेधीवर, म्हणजे स्तूपाभोवतीच्या उंच ओट्यावरही जाता येतं, पण गुडघे दुखत असतील तर नको. २ क्रमांकाचा स्तूप पश्चिमेच्या उतारावर बराच खाली आहे. उतरताना काही वाटत नाही, चढताना दम निघतो. आईंना वर सावलीत बसवून तुम्ही एकटे जाऊन या, कठड्यावरची कमळं बघण्यासारखी आहेत.

आईंना तोरणांवर, म्हणजे स्तूपाच्या कोरीव दगडी प्रवेशद्वारांवर, बुद्ध दिसणार नाहीत हे आधीच सांगून ठेवा: तिथे बुद्ध माणसाच्या रूपात कोरलेलेच नाहीत. रिकामं आसन, बोधिवृक्ष, पावलं, तेच बुद्ध. मूर्ती हवी असेल तर तोरणातून आत गेल्यावर समोरच स्तूपाला टेकून बसलेली दिसेल, ती गुप्तकाळातली. आणि दक्षिण तोरणाच्या खांबाजवळ जरा थांबा. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केल्याचा ब्राह्मी लेख तिथे आहे. त्या खांबावरचं बारीक काम पाहिलं की ते पटतं.

पायथ्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणून शुक्रवारी निघत असाल तर ते शनिवारी ठेवा.